फिजिओथेरपिस्टच्या हातात सुई द्यावी का? द्यावी, पण पाठीवर सगळीकडे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या आई लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून विड्या वळतात. मान, उजवा खांदा आणि दोन्ही फऱ्यांमधली, म्हणजे खांद्याच्या पात्यांमधली, जागा कायम दुखते. जवळच्या फिजिओथेरपिस्टने शेक आणि व्यायाम करून पाहिले, आता तो ‘ड्राय नीडलिंग करू’ म्हणतोय. ओळखीतले अ‍ॅक्युपंक्चर करणारे म्हणाले, ‘त्याला सुई टोचायचा अधिकारच नाही.’ फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘सुई डॉक्टरच्याच हातात हवी.’ आता मुलाला कळेना, फिजिओथेरपिस्टला हे करू द्यावं की नाही.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि सुई वापरते. या भांडणात मी पंच नाही, एका बाजूची आहे, हे धरूनच पुढचं वाचा. तरीही माझं उत्तर नुसतं ‘हो’ नाही. परवानगी द्यावी, पण ती सरसकट पदवीला देऊ नये. शरीराचा कोणता भाग, सुई किती खोल, हे पाहून द्यावी. पोटरीत सुई घालायला जो लायक आहे तो फऱ्यांच्या मध्ये घालायला लायक असेलच असं नाही. आणि तुमच्या आईंचं दुखणं नेमकं तिथं आहे.

आधी ही सुई काय करते ते. हिच्यात औषध नसतं, म्हणून कोरडी. इंजेक्शनच्या सुईसारखी ती पोकळही नसते. भरीव, साधारण ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीची असते. स्नायूत बोटांना दोरीसारखा ताठ पट्टा लागतो, त्यात दाबल्यावर ‘इथंच, इथंच’ असं म्हणायला लावणारा बिंदू असतो. त्याला आम्ही ट्रिगर पॉइंट म्हणतो. सुई तिथं नेऊन जराशी वरखाली केली की स्नायू क्षणभर फडकतो आणि मग ढिला पडतो. ट्रिगर पॉइंटचा विचार रुजवला तो अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी. त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या. त्या अशा जागी भूल देणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देत. १९७९ मध्ये चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांवरचा अनुभव छापला: औषध न घालता नुसती सुई नेमक्या जागी गेली तरी बहुतेकांचं दुखणं लगेच उतरतं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे आजच्या कसोटीवर तो पुरावा अपुराच. पण कोरड्या सुईची गाडी तिथून सुटली.

पुराव्याबद्दल खरं बोलायचं तर आमच्या व्यवसायातले काही लोक जेवढं सांगतात तेवढा तो भक्कम नाही. एकाच माणसाची मान दोन तपासणाऱ्यांना दिली तर दोघं ट्रिगर पॉइंट एकाच जागी दाखवतील याची खात्री नसते. २०१५ मध्ये ऱ्हुमॅटॉलॉजीच्या, म्हणजे सांधेविकारशास्त्राच्या, एका नामांकित नियतकालिकात तर ही सगळी कल्पनाच पायाशुद्ध नाही अशी कडक टीका आली होती. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात फिजिओथेरपिस्टनी केलेल्या नीडलिंगचे प्रयोग एकत्र तपासले. काही न करण्यापेक्षा किंवा खोटी सुई लावण्यापेक्षा पहिल्या बारा आठवड्यांत दुखणं कमी होतं, पण हालचाल आणि कामाच्या बाबतीत ती इतर फिजिओथेरपीपेक्षा सरस ठरत नाही, आणि लांब पल्ल्याच्या फायद्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. मी सुई वापरते ती एवढ्यासाठीच. दुखणं काही दिवस खाली आलं की व्यायाम सुरू करता येतो. नुसती सुई लावून घरी पाठवणारा फिजिओथेरपिस्ट अर्धंच काम करतो, आणि पैसे मात्र बहुधा पूर्ण घेतो.

आता अधिकाराचं. महाराष्ट्रात आमची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे होते. देशपातळीवर २०२१ चा अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आला. त्यात फिजिओथेरपिस्टची जी व्याख्या आहे तिच्यात व्यायाम, मोबिलायझेशन आणि मॅनिप्युलेशन (म्हणजे हाताने सांधे हलवून केलेले उपचार), विद्युत आणि उष्णतेची साधनं यांचा उल्लेख आहे, स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याची मुभाही आहे. सुईचं नाव नाही. आमचे लोक म्हणतात, यादी उदाहरणादाखल आहे, सुई तिच्यात बसते. विरोधक म्हणतात, नाव नाही म्हणजे परवानगी नाही. दोन्ही बाजू वकिलाला पटवून सांगता येतील, आणि तेच दुखणं आहे. नियम मोघम असला की जो काळजी घेतो तो बिचकत राहतो आणि जो घेत नाही त्याचं छान चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टने नावामागे ‘डॉ.’ लावू नये असं केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं आणि लगोलग मागेही घेतलं गेलं. त्यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर केवढी धुळवड झाली! पाटीवर काय लिहायचं यावर एवढी ताकद लावली, त्याच्या निम्मी जरी ‘सुई कोणी, कुठं, किती खोल’ यावर लावली असती तर आज तुमचा प्रश्न उरला नसता.

अमेरिकेत हे भांडण राज्याराज्यांत लढलं गेलं आहे. मेरीलँडने ऐंशीच्या दशकातच फिजिओथेरपिस्टना मुभा दिली. नॉर्थ कॅरोलिनात अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचं परवाना मंडळ कोर्टात गेलं आणि २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फिजिओथेरपिस्टच्या बाजूने निकाल दिला. कॅलिफोर्नियात मात्र फिजिओथेरपिस्टला हे करता येत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये भूमिका घेतली की ही शरीरात शिरणारी प्रक्रिया आहे, ती सुई नेहमी वापरणाऱ्या प्रशिक्षित लोकांनीच करावी, उदाहरणार्थ डॉक्टर आणि परवानाधारक अ‍ॅक्युपंक्चरिस्ट. एकाच देशात राज्याची हद्द ओलांडली की तोच माणूस लायक किंवा नालायक ठरतो. तेव्हा हा निव्वळ शास्त्राचा वाद आहे असं मला कोणी सांगू नये. दुकानदारीचा वास त्याला दोन्हीकडून येतो.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. सुई डॉक्टरच्याच हातात हवी असती तर कुठल्याही रुग्णालयातल्या सिस्टर आणि लॅब टेक्निशियन यांनी रोज काय करायचं? शिरेत सुई घालणारे हात डॉक्टरचे नसतात, आणि ते काम चोख होतं, कारण नेमकं तेवढं शिकवलेलं असतं. उलट एमबीबीएसच्या अभ्यासात स्नायू बोटांनी चाचपून पट्टा शोधणं फारसं येत नाही. डॉक्टरांचं जे अर्धं पटतं ते वेगळं आहे: काही बिनसलं तर ते ओळखायचं कोणी? त्याकडे येतेच.

अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचा राग मला कळतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, २०१९ मध्ये केंद्राने ती स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. एवढं करून आपली जागा मिळवली आणि आता दुसरेच कोणी तीच सुई दुसऱ्या नावाने विकतात, असं त्यांना वाटतं. सुई खरोखर तीच आहे, पाकीटसुद्धा बऱ्याचदा तेच. त्यांची बिंदूंची मांडणी वेगळी, सुई ठेवण्याची वेळ वेगळी, आमचा हेतू वेगळा. पण सुई फुफ्फुसाला लागली तर ती कोणत्या शास्त्राची होती हे फुफ्फुस विचारत नाही. म्हणून ‘सुई कोणाची’ हा वाद मी बाजूला ठेवते. (सोलापूरकरांनी तर तो जरा मायेनेच ठेवावा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात ते रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक आहे, तिथून जाणाऱ्या कितीजणांना हा सुईचा धागा माहीत असेल, कोण जाणे.)

तर मुख्य मुद्दा छातीचा.

सुरक्षिततेचे दोन आकडे आमच्याकडे नेहमी सांगितले जातात. आयर्लंडमध्ये ३९ फिजिओथेरपिस्टनी ७,६२९ उपचारांची नोंद ठेवली. साधारण १९ टक्के वेळा किरकोळ त्रास झाला, म्हणजे काळंनिळं पडणं, थेंबभर रक्त, दुखणं, आणि गंभीर प्रकार एकही नाही. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतून वीस हजारांवर उपचारांची नोंद आली, त्यात मोठे अपाय २० होते. म्हणजे ढोबळमानाने हजारात एक. हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते वाचताना दोन गोष्टी मी विसरत नाही. एक म्हणजे ही नोंद सुई टोचणाऱ्यांनीच केलेली आहे. दुसरी म्हणजे ती शरीरं तिकडची आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या विडी कामगार बायका डोळ्यांसमोर आणा. दिवसभर मांडीवर सूप, मान खाली, उजव्या हाताची बोटं सतत चालू. वर्षानुवर्षं असं बसून खांदे पुढे आलेले, आणि अनेकींच्या अंगावर मांस असं नाहीच. सडपातळ माणसात फऱ्याच्या आतल्या कडेजवळ कातडीपासून फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत अंतर एक ते दोन सेंटिमीटर असतं. सर्रास वापरली जाणारी सुई चार-पाच सेंटिमीटर लांब असते. हिशेब तुम्हीच करा. आवरणाला भोक पडलं की हवा बाहेर साचते आणि फुफ्फुस आकसतं; याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. थोडी हवा असेल तर लक्ष ठेवून भागतं, जास्त असेल तर छातीत नळी घालावी लागते. तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या बाईचं फुफ्फुस आधीच अशक्त असू शकतं, तिला हा धक्का जड जातो.

म्हणून माझी भागवार विभागणी अशी. पोटरी, मांडीची बाहेरची बाजू, कुल्ला, कोपराखालचा हात: मूळ पदवी आणि नीट प्रशिक्षण असलेल्या फिजिओथेरपिस्टने इथं सुई वापरायला हरकत नसावी. नसा आणि रक्तवाहिन्या इथंही आहेत, पण शरीररचना पक्की असेल तर त्या टाळता येतात. मानेजवळचा खांद्याचा वरचा स्नायू, ट्रॅपेझियस, ही पुढची पायरी. लोकांना तो मांसल आणि सोपा वाटतो. तसा तो नाही, कारण खाली फुफ्फुसाचं टोक गळ्याच्या हाडाच्याही वर आलेलं असतं. इथं स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई त्या चिमटीतच ठेवायची; सरळ खाली कधीच नाही. हे चित्र पाहून येत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. आणि फऱ्यांमधली जागा, बरगड्यांमधले स्नायू, गळ्याच्या पुढची बाजू ही सरसकट परवानगीत नकोच. तिथं वेगळी परीक्षा, वेगळी नोंद हवी. बारीक अंगाच्या बाईला फऱ्यांच्या मध्ये मी सुई लावत नाही, हाताने काम करते. वेळ जास्त लागतो, एवढंच.

प्रशिक्षणाची आपल्याकडची तऱ्हा बघून मात्र मला विरोधकांच्या बाजूला जाऊन बसावंसं वाटतं. शनिवार-रविवार हॉटेलच्या हॉलमध्ये कोर्स, एकमेकांच्या अंगावर सुया, संध्याकाळी प्रमाणपत्रासह फोटो, आणि सोमवारी दवाखान्याबाहेर फ्लेक्स. मेरीलँडसारखं राज्य यासाठी ८० तासांचं शिक्षण मागतं. अमेरिकेतल्या फिजिओथेरपी मंडळांच्या संघटनेने २०१५ मध्ये अभ्यास करवला, त्यात ड्राय नीडलिंगला लागणाऱ्या ज्ञान-कौशल्यांपैकी ८६ टक्के मूळ पदवीतच मिळतात असं निघालं. आमचे लोक हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात. पण उरलेले १४ टक्के म्हणजेच प्रत्यक्ष सुई हाताळणं! तो आकडा तिकडच्या पदवीचा आहे हेही सोयीस्करपणे विसरलं जातं. आपल्याकडे पहिल्या वर्षी शवविच्छेदन असतं, पण टेबलाभोवती किती मुलं आणि हातात स्काल्पेल कोणाच्या, हे ज्याचं त्याला ठाऊक.

फुफ्फुसापेक्षाही मला जास्त भीती वाटते ती चुकीच्या निदानाची, कारण ती कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही. पाठ दुखते म्हणून आलेल्या बाईचं वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, मणक्यावर टिचकी मारली की कळ जाते: हा मणक्याचा क्षय असू शकतो. तंबाखूशी संबंध आलेल्या माणसाचा एकच खांदा रात्री झोपू देत नाही आणि हाताचे स्नायू बारीक होतायत: फुफ्फुसाच्या टोकावरची गाठ असू शकते. मधुमेहात खांदा आखडतो तो वेगळाच. यातल्या कोणालाही सुई लावली तर चार दिवस बरंही वाटेल, आणि तेच चार दिवस, मग चार आठवडे, वाया जातील. फॅमिली डॉक्टरांच्या शंकेला खरं उत्तर इथं आहे. सुई हातात घ्यायचा अधिकार हवा असेल तर सुई न लावता पुढे पाठवायची जबाबदारीही तितकीच अंगावर घ्यावी लागेल. आमच्यातले जुनेजाणते हे करतात. ‘पॅकेज’ विकणारे करत नाहीत. दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतल्यावर पाचव्या बैठकीला ‘हे माझं काम नाही’ म्हणणं अवघड असतं.

आणखी एक गोष्ट परदेशी अभ्यासांत सापडणार नाही. सुईनंतर एक-दोन दिवस जागा ठणकते. तिकडे ती ‘किरकोळ त्रास’ या रकान्यात जाते. विडी हजारावर मोजली जाते. दोन दिवस हात मंद चालला तर तो थेट मजुरीतून जातो. यंत्रमागावर उभं राहणाऱ्याचं, टॉवेलच्या शिलाईला बसणाऱ्या बाईचं तेच. म्हणून मी शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी सुई लावते आणि ठणका येईल हे आधीच सांगते. उपवासाच्या दिवशी लावत नाही, रिकाम्या पोटी भोवळ येते. त्यातून सोलापूरचा उन्हाळा. आणि संमती. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी आयांचं सगळं बोलणं तेलुगूत, आणि समोर ठेवलेला कागद इंग्रजीत. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं मी मानत नाही. सून, मुलगी, शेजारीण, कोणीतरी ‘फुफ्फुसाला लागू शकतं’ हे वाक्य त्यांच्या भाषेत त्यांना सांगायला हवं.

वापरलेल्या सुईचंही बघा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार टोकदार वस्तू पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायला हवी. घरी येऊन उपचार करणारे काहीजण ती कागदात गुंडाळून घरच्याच डस्टबिनमध्ये टाकतात. सकाळी घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला ती लागते. नियामकाने बाकी काही तपासायच्या आधी हा डबा तपासावा, निम्म्या लोकांची लायकी तिथंच कळेल.

आता तुमच्या आईंचं. त्या फिजिओथेरपिस्टला जाऊन सरळ विचारा: परिषदेकडे नोंदणी आहे का, नीडलिंग कुठं आणि किती दिवस शिकलात, आणि सुई नेमकी कुठं लावणार. खांद्याच्या वरच्या स्नायूला चिमटीत धरून लावतो म्हणाला आणि बाकीची उत्तरंही ठीक वाटली तर करून घ्यायला मी हो म्हणेन. फऱ्यांच्या मध्ये लावतो म्हणाला तर तेवढ्या जागेला नको सांगा, हाताने करा म्हणा. या प्रश्नांवर जो चिडतो त्याच्याकडे सुईच काय, शेकसुद्धा घेऊ नका. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, साखर ताब्यात नसेल, छातीचा जुना आजार असेल तर ते आधी सांगा. वजन उतरलंय किंवा रात्रीचं दुखणं वाढतंय असं असेल तर सुईचा विषय बाजूला ठेवून आधी एक्स-रे आणि तपासण्या. तीन-चार बैठकांत मान फिरवायला फरक वाटला नाही तर पुढच्या बैठकांचे पैसे वाचवा. आणि सूप मांडीवरून उचलून पाटावर ठेवून, तासातासाने उठून बसायची सवय लागते का पाहा. लागणं कठीण आहे, हजार पुरे करायचे असतात, मला माहीत आहे.

मान किंवा पाठीवर सुई लावल्यावर त्याच दिवशी किंवा रात्री श्वास घेताना छातीत टोचलं, कोरडा खोकला आला, जिना चढताना दम लागला तर फिजिओथेरपिस्टला फोन करत बसू नका. त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. रिक्षा करून सरळ सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, आणि तिथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की आज सुई टोचली होती. नाहीतर अ‍ॅसिडिटी समजून गोळी मिळते आणि छातीचा एक्स-रे राहून जातो.